नोटीस लागलेल्या वस्तीत आधी कोणाचं दार ठोठवायचं?

प्रश्न असा आला आहे: मुंबईच्या पूर्व उपनगरात नाल्याकाठच्या एका वस्तीत काही तरुण मुलंमुली दर शनिवारी शिकवायला जातात. नाला रुंद करायचा म्हणून तिथल्या साधारण दीडशे झोपड्यांना महापालिकेची नोटीस लागली आहे. ग्रुपकडे दीडेक लाख रुपये जमलेत. काहींचं म्हणणं ब्लँकेट, किराणा, भांडी घेऊ. काहींना वकील लावायचा आहे. सगळ्यात जास्त झळ कोणाला बसणार आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

किराणा आत्ता घेऊ नका, एवढं आधी सांगते. या पट्ट्यात मी बरीच वर्षं काम करते आहे आणि तोडकाम झालेल्या वस्तीत पहिल्या चार दिवसांत खिचडी कमी पडल्याचं क्वचितच पाहिलंय. मशिदीतून येते, विहारातून येते, शेजारच्या वस्तीतून टोप भरून येतो, निवडणूक जवळ असेल तर सगळ्या पक्षांकडून येते. चूल खरी विझते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कारण तोवर कामाचे खाडे झालेले असतात, हातउसने संपलेले असतात आणि फोटो काढणारे सगळे घरी गेलेले असतात. किराण्याचे पैसे त्या आठवड्यासाठी बाजूला ठेवा.

वकील लागेल. पण त्याच्या टेबलावर ठेवायला तुमच्याकडे आज काय आहे? दीडशे घरांच्या कहाण्या घेऊन गेलात तर तो पाणी विचारेल आणि कागद आणा म्हणेल. म्हणजे फिरून कागदावरच यायचं. कागदांच्या बाबतीत सगळी वस्ती सारखी नसते, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

दीडशे झोपड्या म्हणजे दीडशे कुटुंबं, असं धरून चालू नका. खाली एक कुटुंब, माळ्यावर दुसरं, मागच्या बाजूला पत्रा टाकून काढलेल्या खोलीत तिसरं. नोटीस मात्र एका दारावर लागते आणि त्यावर नाव एकाच माणसाचं असतं, तेही कधीकधी दहा वर्षांपूर्वी वारलेल्याचं. महाराष्ट्राचा झोपडपट्टी अधिनियम १९७१ चा. त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला संरक्षण दिलं, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसनात घेतलं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत त्यासाठी अडीच लाख रुपये ठरलेत. २०११ नंतर आलेल्याला काही नाही. माळ्यावरच्यालाही काही नाही, मग तो १९९८ पासून तिथे राहत असला तरी, कारण पात्रता मोजली जाते ती खालच्या झोपडीची. धारावीत तेवढं माळ्यावरच्यांसाठी, १५ नोव्हेंबर २०२२ पूर्वीचे असतील तर, धारावीबाहेर भाडे-खरेदीने, म्हणजे भाडं भरत भरत विकत घेण्याच्या बोलीवर, घर देण्याचं सरकारने ठरवलंय. तुमच्या नाल्याला ते लागू नाही. वस्तीत कोणी तसं सांगत फिरत असेल तर त्याला नम्रपणे थांबवा.

भाडोत्र्याची गत सगळ्यात वाईट. पात्रतेत प्रत्यक्ष राहणाऱ्याला वजन असतं, आणि नेमकं त्यामुळेच पात्रता ठरवणाऱ्या सर्व्हेची कुणकुण लागली की मालक आठ दिवस आधी भाडोत्र्याला बाहेर काढतो आणि कल्याणहून नाहीतर नालासोपाऱ्याहून येऊन स्वतः चटई टाकतो. भाडोत्र्याकडे करार नसतो, भाड्याची पावती नसते, डिपॉझिट तोंडी दिलेलं असतं. जेसीबी यायच्या आधीच तो बेघर होतो आणि तोडकामाच्या कुठल्याही आकड्यात त्याची गणती होत नाही. तुमच्या शनिवारच्या वर्गातली जी मुलं अचानक यायची बंद झाली असतील, ती बहुतेक अशाच घरांतली. हजेरीपट काढून बघा. तुमच्या कामाची पहिली यादी त्यातच सापडेल.

मदतीला आलेली मंडळी मात्र नेहमी उलट्या टोकापासून सुरुवात करतात. वस्तीत शिरलं की खुर्ची देणारा, चहा मागवणारा, कमिटीचा माणूस भेटतो. त्याच्याकडे फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) असतो, सगळी लाईट बिलं फाईलला लावलेली असतात, वॉर्ड ऑफिसात ओळख असते. त्याच्या बोलण्यावरून वस्तीचं दुखणं ठरतं. माणूस वाईट असतो असं नाही, बऱ्याचदा वीस वर्षं त्यानेच पाण्यासाठी आणि संडासासाठी खेटे घातलेले असतात. पण त्याला घर मिळण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही त्याच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून चालायला लागा, जिथे घरांवर नंबर टाकलेले नाहीत.

यात एक धोका आहे, तो आधीच समजून घ्या. भाडोत्र्यांची यादी करणं म्हणजे त्यांना उघडं पाडणं. ती मालकाच्या हाती लागली तर संध्याकाळी सामान रस्त्यावर येतं. म्हणून ही यादी वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, कमिटीला द्यायची नाही, गूगल फॉर्मवर भरून घ्यायची नाही. एका वहीत, एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. आणि भाडोत्र्याला आधी विचारा, तुझं नाव लिहू का. नको म्हणाला तर नको.

आता सर्व्हेबद्दल, कारण तुमच्यासारख्यांची खरी गरज तिथे पडते. नोटिशीनंतर (कधी आधीही) वॉर्ड ऑफिसचे लोक दारोदार येतात, दारावर रंगाने नंबर टाकतात, राहणाऱ्याचा फोटो आणि अंगठा घेतात, कागदांच्या प्रती मागतात. त्यावरून पात्र-अपात्र यादी निघते, तिला परिशिष्ट-२ म्हणतात. महापालिकेच्या जमिनीवर हे काम वॉर्डाच्या सहायक आयुक्तांच्या हाताखाली चालतं. प्रत्यक्षात ज्याच्याशी गाठ पडते तो वसाहत अधिकारी, वस्तीच्या भाषेत कॉलनी ऑफिसर. सर्व्हेवाले येतात साधारण अकरा ते चार. त्या वेळी घरकाम करणारी बाई दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटत असते, नाकाकामगार नाक्यावर, मुलं शाळेत. दाराला कुलूप दिसलं की रकान्यात ‘बंद’ अशी नोंद पडते. ती नोंद पुसून काढायला पुढे अर्ज, सुनावणी, अपील असं वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

आमच्याकडच्या एका बाईंचं असंच झालं. १९९६ च्या आधीपासूनचे कागद, मतदार यादीत नाव, सगळं चोख. सर्व्हेच्या दिवशी त्या चार घरची कामं करून साडेचारला परतल्या आणि शेजारणीने सांगितलं, येऊन गेले. यादीत शेरा लागला: ‘झोपडी बंद, वास्तव्य आढळले नाही.’ अपिलात त्यांना उपयोगी पडलं काय, तर ज्या घरी त्या काम करत होत्या तिथल्या सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर. त्यात त्या दिवशीची त्यांची आत यायची आणि बाहेर जायची वेळ लिहिलेली होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने शिक्का मारून प्रत दिली. त्यासाठी तीनदा जावं लागलं, पण दिली.

तेव्हा सर्व्हेची तारीख काढा. ती आधी कळते, वॉर्ड ऑफिसात विचारलं तर सांगतात, निदान खालचे लोक तरी सांगतात. त्या दिवशी तुमच्यातले जमतील तेवढे सकाळपासून वस्तीत बसा. प्रत्येक कुलूपबंद घराचा मोबाईल नंबर हाताशी ठेवा आणि सर्व्हेवाले दोन गल्ल्या अलीकडे असतानाच फोन लावा. शिवाय आदल्या दिवशी एक काम करा, जे वस्तीतल्या बाईला जमत नाही आणि तुम्हाला सहज जमेल: ती जिथे कामाला जाते त्या मॅडमना फोन करून सुट्टी मागा. कॉलेजातल्या मुलामुलींनी शुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत फोन केला की ती सुट्टी मिळते. हे काही बरं नाही, पण सध्या असंच आहे.

कागदांचं काम घरोघरी बसूनच करावं लागतं. एक घर, एक तास. गादीखालून, गव्हाच्या डब्यातून, देव्हाऱ्याच्या मागून प्लास्टिकची पिशवी निघते. त्यात घडी पडून चार तुकडे झालेला फोटोपास, रेशनकार्ड, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि लाईट बिलाच्या पावत्या, ज्यांची शाई उडत चालली आहे. आधी या पावत्यांच्या झेरॉक्स काढा, महिन्याभराने त्या वाचता येणार नाहीत. मग नावं बघा. एकाच माणसाचं नाव मतदार यादीत एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं असतं. कोणी गावाचं आडनाव लावलेलं, कोणी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. असे फरक आधी कोणी मनावर घेत नाही, पण सुनावणीत अपात्र ठरायला तेवढं पुरतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागतं, गरज पडली तर राजपत्रात नाव छापून घ्यावं लागतं. हा खर्च लहान आहे आणि तुमच्या पैशांतून करण्याजोगा आहे. जुन्या मतदार यादीचा प्रमाणित उतारा निवडणूक कार्यालयातून मिळतो. ज्याच्याकडे बाकी काही उरलं नाही त्याच्यासाठी तो सोन्यासारखा. आणि जे काही द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर तो अर्ज तुम्ही दिलाच नाही, असं समजा.

खोटे कागद करून देणारे एजंट या दिवसांत वस्तीत हमखास फिरतात. पाच-दहा हजारांत २००० पूर्वीचा करारनामा, जुन्या स्टॅम्पपेपरवर. पैसे जातात ते जातातच, वर गुन्हा दाखल होण्याची भीती, आणि एकाचा खोटा निघाला की खऱ्या दहा जणांकडेही संशयाने बघतात. याबाबतीत गुळमुळीत राहू नका.

बायकांचे कागद वेगळे बघा. लाईट बिल सासऱ्याच्या नावावर, फोटोपास नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा कुठे तर सहा वर्षांपूर्वी दुसरं लग्न करून गेला, जाताना पिशवीही घेऊन गेला. पुनर्वसनाचं घर नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने द्यावं असं नियमात आहे. प्रत्यक्षात यादीत नाव एकट्याचं लागतं आणि चावी घ्यायला बरोबर तो उगवतो. अशा बाईचा अर्ज यादी लागायच्या आधी गेला पाहिजे, नंतर नाही. पालिकेच्या दवाखान्यातले बाळंतपणाचे कागद, लसीकरणाचं कार्ड, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, ज्या-ज्या कागदावर तिचं नाव आणि तोच पत्ता आहे ते सगळं जोडा. पात्रतेच्या ठरलेल्या पुराव्यांत हे सगळे बसतीलच असं नाही, पण ती तिथे राहत होती हे सुनावणीत दाखवायला कामी येतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच ते आहे. हेल्पलाइन १५१००. त्यामुळे वकिलाच्या फीसाठी पैसे राखून ठेवायची घाई नको.

नोटीस मात्र आजच नीट वाचा. कलम कोणतं लावलंय ते बघा. मुंबई महापालिका अधिनियमातलं ३५१ असेल तर ती विनापरवाना बांधकामाची कारणे दाखवा नोटीस असते आणि उत्तर द्यायची मुदत तिच्यातच दिलेली असते. ती चुकवू नका. ३१४ असेल तर प्रकरण वेगळं. त्या कलमाखाली रस्त्यावरचं, सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण नोटिशीविना काढायचा अधिकार आयुक्तांना आहे. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवरच्या लोकांना मुंबईबाहेर काढायचं ठरवलं, त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला पत्रकार ओल्गा टेलिस यांचा खटला याच कलमाचा. १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि ३१४ खालीही एरवी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यायला हवं असं सांगितलं. लोक इथवर वाचून टाळ्या वाजवतात. पण त्याच निकालात ते कलम वैध ठरलं आणि हटवायला परवानगीही मिळाली. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांच्यासाठी पर्यायी जागा, आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा, एवढं पदरात पडलं. कागदावर ज्याची नोंद त्याचा निभाव, हे तेव्हापासून चालत आलंय.

दुसरं एक प्रकरण सध्या वस्त्यांत फार फिरतंय. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला, पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, वगैरे. त्याच्या बातमीची कात्रणं लोक दाराला चिकटवून ठेवतात. त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. नाला त्यात येतो असं पालिका म्हणणारच. तेव्हा त्या निकालावर सगळी भिस्त ठेवू नका आणि लोकांनाही ठेवू देऊ नका. त्यापेक्षा पावसाळ्याचा मुद्दा पक्का आहे: १ जून ते ३० सप्टेंबर राहती घरं पाडू नयेत असा राज्य शासनाचा २०२१ चा निर्णय आहे. तो असूनही पवईच्या जय भीम नगरमध्ये ६ जून २०२४ ला शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या, लोक फुटपाथवर आले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन विशेष तपास पथक नेमलं गेलं. शासन निर्णयाची प्रत वस्तीत दोघातिघींकडे छापील असू द्या. मोबाईलमधली पीडीएफ साहेबासमोर उघडत नाही.

नकाशाही मागा. रुंदीकरणाची रेषा कुठून जाते हे बऱ्याचदा भिंतीवरच्या लाल खुणेपलीकडे कोणी सांगत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर ३० दिवसांची मुदत आहे. तोवर वाट बघायला वेळ नसेल तर स्थानिक नगरसेवकामार्फत किंवा थेट पर्जन्य जलवाहिन्या खात्यात जाऊन बघायला मागा. रेषा दोन फूट सरकल्याने पूर्ण ओळ वाचल्याचं मी पाहिलंय. अर्धी झोपडी रेषेत आणि अर्धी बाहेर असली तर उरलेल्या अर्ध्याचं काय, हेही लेखी विचारून ठेवा. नाला रुंद करायला वस्तीचा विरोध असतो असं समजू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा छातीएवढ्या पाण्यात हीच माणसं होती. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्ही जाऊ, पण कुठे ते आधी सांगा.

कुठे जायचं हा प्रश्न नोटिशीइतकाच मोठा आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींमध्ये पाठवलं, रिफायनऱ्यांच्या शेजारी. तिथल्या हवेबद्दल हरित लवादाने २०१५ मध्येच ताशेरे मारलेले होते. लोक आजारी पडले, रस्त्यावर उतरले, आणि एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की राहण्याजोगी पर्यायी जागा देत नसाल तर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. हे उदाहरण वस्तीला माहीत असू द्या, कारण पर्यायी घराचं पत्र हातात पडल्यावर सही करायला दोनच दिवस मिळतात आणि लोक घाबरून करून टाकतात. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधलं अंतर तीनेक मीटर, खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ मध्ये अशा वसाहतींचा अभ्यास केला तेव्हा अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या घरांचा आणि क्षयाचा संबंध दिसून आला. म्हणून सहीच्या आधी पाच बायका आणि तुमच्यातले दोघं अशी फेरी काढून ती जागा बघून या. लिफ्ट चालते का, पाणी किती वाजता येतं, पालिकेची शाळा किती लांब, आणि सकाळी सहाला कामाच्या ठिकाणी जायला बस आहे का. शेवटचा प्रश्न बायकाच विचारतात.

तोडकामाच्या दिवसाचं थोडक्यात सांगते. त्या दिवशी वाद घालायचं काम तुमचं नाही. म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि लहान मुलं सकाळीच एका ठरलेल्या जागी, शाळेत किंवा समाजमंदिरात, न्या. दहावी-बारावीची पुस्तकं आणि हॉल तिकीट, क्षयाच्या गोळ्या, इन्सुलिन, कागदांची पिशवी आणि गॅसचा सिलिंडर या गोष्टी आदल्या रात्रीच बाहेर. घर स्वतः उतरवायला लोक तयार असतील तर हात लावा. पत्रे, प्लाय, बांबू, दरवाजाची चौकट हीच त्या कुटुंबाची शिल्लक असते. जेसीबीखाली आली तर भंगार, आणि पालिकेच्या गाडीत गेली तर गोदामातून सुटणं कठीण. पत्रे ठेवायला शेजारी एखादी मोकळी जागा महिन्याभरासाठी भाड्याने घेऊन द्या, हे ब्लँकेटपेक्षा कितीतरी मोलाचं. प्रत्येक घराचा फोटो पाडायच्या आधी आणि नंतर, दारावरचा नंबर दिसेल असा. रडणाऱ्या बायकांचे फोटो नकोत. पंचनामा मागा, देणार नाहीत, तरी लेखी मागा.

मग ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचं. आजूबाजूच्या खोल्यांची भाडी तोवर वाढलेली असतात, कारण दीडशे कुटुंबं एकदम शोधायला निघालेली असतात. डिपॉझिटला वीस-पंचवीस हजार कुठून आणायचे? मग घर फुटतं: नवरा कामाच्या जागी झोपतो, बायको बहिणीकडे, मोठी मुलगी गावी. गावी गेलेली मुलगी बहुतेक वेळा परत शाळेत येत नाही. तुमचे बरेचसे पैसे इथे लावा, डिपॉझिटला बिनव्याजी उसने म्हणून, चार-पाच घरांना. दान म्हणून दिलं तर कोणाला दिलं यावरून भांडणं लागतात, उसने म्हटलं की नड नसलेली माणसं आपोआप गाळली जातात. परत किती येतील? सगळे येणार नाहीत. बायकांचा बचत गट असेल तर व्यवहार त्यांच्या हाती द्या. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८० च्या दशकात महिला मिलन उभं केलं ते रोजच्या दोन-पाच रुपयांच्या बचतीवर. कोणाची खरी नड आहे आणि कोणाची नाही हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा बरोबर कळतं.

शाळेचं एक लगेच करता येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही असं स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांकडे मुलाला घेऊन तुमच्यातल्या एकाने जावं. क्षयाचे रुग्ण असतील तर जुन्या केंद्रावरून नव्या केंद्राकडे नोंद हलवून घ्या, गोळ्यांत खंड पडता कामा नये. अंगणवाडीताईला नवा पत्ता कळवा.

नाल्याच्या टोकाला, पुलाखाली, निळं ताडपत्रीचं पाल टाकून राहणारी चारदोन कुटुंबं असतील. पारधी असतील, वैदू, मसणजोगी किंवा आणखी कोणी. त्यांना नोटीसही लागत नाही, कारण त्यांच्याकडे चिकटवायला दार नसतं. ब्रिटिशांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या, पण पोलीस अजून आधी त्यांच्याच पालावर येतात. वस्तीतले लोकही त्यांना आपल्यात धरत नाहीत, हे कटू असलं तरी ठाऊक असू द्या. त्यांच्यासाठी मतदार नोंदणीपासून सुरुवात करा. अर्ज क्रमांक ६ भरायला घराचा पुरावा नसला तरी चालतं. निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघायचं असतं, असे आयोगाचे निर्देश आहेत. कर्मचारी सहसा जात नाही, म्हणून तुम्ही त्याला सोबत घेऊन जा. एकदा नोंद झाली की पुढच्या कागदांना काहीतरी आधार होतो.

बेघर निवाऱ्यात पाठवा असं कोणी सुचवेल. एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असं प्रमाण ठरलेलं आहे. त्या हिशेबाने २०११ च्या सव्वा कोटी मुंबईला सव्वाशे निवारे हवेत आणि आहेत त्याच्या कितीतरी कमी. आहेत त्यांतही बरेचसे एकट्या पुरुषांसाठी, काही बायकांसाठी, काही मुलांसाठी. नवरा, बायको आणि तीन लेकरं एकत्र राहतील असे फार थोडे. पालावरचं कुटुंब तिथे जात नाही याचं कारण बहुतेक एवढंच असतं.

आता पैशांचं. माझा अंदाज असा: कागद, प्रतिज्ञापत्रं, उतारे, प्रवास यांना पंधरा-वीस हजार. पत्रे ठेवायच्या जागेला आणि टेम्पोला दहा. चौथ्या आठवड्याच्या शिध्याला पंचवीसएक. उरलेले सगळे डिपॉझिटला. हिशेब वस्तीत कागदावर लिहून भिंतीला लावा, मराठीत आणि हिंदीत. पैसे कमिटीच्या हातून वाटू नका, आणि कमिटीला डावलूनही नको. यादी बायकांनी करावी, वाचून दाखवावी सगळ्यांसमोर.

बैठक शनिवारी वर्गाच्या वेळेला घेऊ नका, तेव्हा घरात मुलं आणि म्हातारेच असतात. रात्री नऊनंतर, पाणी भरून झाल्यावर, नळाजवळ बसा. भाडोत्री बायका बैठकीला येणारच नाहीत. त्या सकाळी साडेपाचला संडासाच्या रांगेत भेटतील.